देणगी आणि परमिट

विहीर, धर्मशाळा, शाळेची इमारत या गोष्टी आपल्याकडे लोकवर्गणीतून उभ्या राहत आल्या. पण देणारा ज्याच्या दारी परमिटासाठी ताटकळतो आहे, त्यानेच धर्मादायाची पेटी पुढे केली तर? महाराष्ट्राने हे १९८१ साली पाहिले.

बॅ. अ. र. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. साहित्यिक-कलावंतांच्या साहाय्यासाठी म्हणून त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान काढले. हेतू चांगलाच म्हणायचा! पण तो काळ सिमेंटच्या टंचाईचा. साधी पडवी बांधायची तरी पोती परमिटावर मिळायची. मुंबईचे बिल्डर तर कोट्यासाठी सरकारदरबारी खेटे घालीत. इकडे सिमेंट मंजूर होई, तिकडे प्रतिष्ठानाला देणगी जाई. सहकारी साखर कारखान्यांनीही देणग्या दिल्या. आता कारखाना म्हणजे कोण? ऊस घालणारे सभासदच की! त्यांना कुणी विचारले होते? पावती मात्र देणगीची.

ऑगस्ट १९८१ अखेर अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. पा. बा. सामंत प्रभृती उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. लेंटिन यांनी सिमेंटवाटप आणि देणग्या यांचा संबंध मान्य केला. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. फौजदारी खटला निराळा, तो रेंगाळत राहिला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ साली त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश रद्द केला.

सिमेंटवरचे नियंत्रण मात्र केंद्राने फेब्रुवारी १९८२ मध्येच अंशतः उठवले होते.