हर्णे बंदर आणि मताधिकाराचे माप

मताधिकाराच्या इतिहासाची मांडणी आपल्याकडे बहुधा कायद्यांच्या क्रमाने केली जाते. १९०९, १९१९, १९३५ आणि १९५० ही वर्षे एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येक वर्षापुढे मतदारांची वाढती संख्या मांडली, की हक्काचा विस्तार सिद्ध झाला असे मानण्यात येते. ही मांडणी चुकीची नव्हे. परंतु ती अपुरी आहे. किती माणसांना मत मिळाले याबरोबरच ते कोणत्या मापाने मोजून मिळाले, हेही पाहणे अगत्याचे असते. मापाचा विचार करावयाचा तर प्रांताच्या एकूण आकड्यांपेक्षा एखादे लहान गाव अधिक बोलके ठरते. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याचे हर्णे बंदर समोर ठेवून हा प्रश्न तपासावयाचा आहे.

हर्णे निवडण्याचे कारण उघड आहे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग आणि शेजारी पाजपंढरीची कोळी वस्ती अशी या बंदराची रचना आहे. येथील उपजीविकेचा मोठा भाग जमिनीवर नसून पाण्यावर आहे. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीचा लिलाव वाळूवरच होतो. कोळ्यांखेरीज मुसलमान, ब्राह्मण, कुणबी, महार अशा अनेक समाजांची वस्ती या किनारपट्टीवर व लगतच्या खेड्यांत पूर्वापार आहे. अशा ठिकाणी जमिनीच्या मापाने नागरिक मोजू लागल्यास काय घडते, हे चटकन ध्यानात येते.

१९१९ च्या सुधारणा कायद्याखाली मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलसाठी जे मतदारविषयक नियम झाले, त्यांत ग्रामीण मतदारसंघांची मुख्य कसोटी जमीनमहसुलाची होती. सर्वसाधारणपणे ३२ रुपये आकाराची जमीन धारण करणारा किंवा कूळ म्हणून कसणारा इसम मतदार होई. रत्नागिरी, पंचमहाल व सिंधचा उत्तर सरहद्द जिल्हा यांच्यापुरती ही मर्यादा १६ रुपयांवर आणलेली होती. कोकणातील जमिनीचे लहान तुकडे आणि त्यांचा अल्प आकार पाहता ही सवलत आवश्यकच होती. ती देऊनही डोंगरउतारावर वरी-नाचणी पिकविणारे सामान्य कूळ १६ रुपयांच्या आकारापर्यंत पोहोचणे कठीणच होते.

याच नियमांत खोताचा आणि खोती गावातील हिस्सेदाराचा स्वतंत्र उल्लेख होता. ठरावीक महसूल भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर असे, तो खोत त्या जबाबदारीमुळेच मतदार ठरे. येथे मापाचा स्वभाव उघड होतो. खोती गावात भात पिकवी ते कूळ. उत्पन्नाचा अर्धा वाटा अर्धेल म्हणून खोताला मिळे. सरकारात महसूल भरणारा म्हणून मात्र खोताचेच नाव पुढे येई. जो सरकारात पैसा भरतो तोच राज्यकारभाराविषयी बोलण्यास पात्र, हे तत्त्व स्वीकारल्यावर पैसा कोणाच्या कष्टातून उभा राहिला, हा प्रश्न मतदारयादीबाहेर राहिला.

कोळ्यांची स्थिती याहून निराळी होती. कुळाचा हिस्सा निदान कोणत्या तरी दप्तरात सापडे. होडी, जाळे किंवा समुद्रातील मासळी यांना जमीनमहसुलाचा आकार नव्हता. वर्षभर दर्यावर राबणाऱ्या आणि घराखालच्या जागेपलीकडे जमीन नसलेल्या माणसाला कायद्याने नावाने वगळलेले नव्हते. कायद्याने त्याला जमिनीचा आकार विचारला आणि त्याच्यापाशी उत्तर नव्हते. प्राप्तिकर भरणारास मत होते. त्यामुळे लिलावात मासळी विकत घेणारा मोठा व्यापारी यादीत येऊ शके आणि ती पकडून आणणारा सहसा येत नसे. हे विधान नियमांवरून काढलेले अनुमान आहे. परंतु नियमांची भाषा पाहता दुसरा निष्कर्ष संभवत नाही.

या चौकटीत एक लक्षणीय अपवाद होता. सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायांस व अधिकाऱ्यांस मालमत्तेच्या अटीविना मताधिकार होता. दापोली ही जुनी लष्करी छावणी आणि तेथे निवृत्तिवेतन घेणारे अनेक सैनिक राहत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीसच राहिले होते. ते या नियमांच्या आधीच, १९१३ साली, निवर्तले. पण त्यांच्यासारख्या महार पेन्शनरांस जमीन नसतानाही पुढे मत मिळू शकले, ते या अपवादामुळे. सरकारची सेवा हे जमिनीच्या बरोबरीचे माप मानले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

माणसे मोजण्याची आणखी एक रीत म्हणजे यादी विभागणे. १९०९ पासून मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ आले व ते पुढील दोन्ही कायद्यांत टिकले. हर्ण्यासारख्या गावात एकाच वाटेवर राहणारे, एकाच बाजारात उठणारे-बसणारे दोन शेजारी पात्र ठरले, तरी ते वेगवेगळ्या उमेदवारांना मत देत. बंदराची दुरुस्ती किंवा मीठ-मासळीचा व्यवहार हे दोघांचे समान प्रश्न. पण ते एका उमेदवारापुढे एकत्रितपणे मांडण्याची सोय निवडणुकीच्या रचनेतच नव्हती. स्त्रियांच्या बाबतीत मुंबई कौन्सिलने १९२१ साली लिंगभेदाची अट काढली खरी. तथापि मालमत्तेची अट कायम राहिल्याने फार थोड्या स्त्रियांना तिचा लाभ झाला.

१९३५ च्या कायद्याने जमिनीची मर्यादा आणखी खाली आणली आणि शिक्षणासारख्या कसोट्यांना अधिक वाव दिला. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात मतदारांची संख्या सुमारे ३ कोटींवर गेली. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत एकवट मतदानाची पद्धत होती. जितक्या जागा तितकी मते मतदाराला मिळत आणि ती सर्व एकाच उमेदवारास देण्याची त्यास मुभा असे. विखुरलेल्या अल्पसंख्य गटाला आपले बळ एका ठिकाणी केंद्रित करण्याचे हे साधन होते. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्याचा चांगला उपयोग केला. उत्तर रत्नागिरीतून त्या पक्षाचे अनंतराव चित्रे निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस विधिमंडळावर गेला. या मोर्चातील बहुसंख्यांना त्या विधिमंडळाच्या निवडणुकीत मत नसावे. मताचा हक्क नसलेल्यांनी पायी चालून आपले म्हणणे मांडले, हा त्या घटनेचा मताधिकाराच्या इतिहासातील अर्थ होय.

येथे अभ्यासकाने एक मोह टाळला पाहिजे. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने, १९५० मध्ये, नष्ट झाली. तो कायदा करणारी विधानसभा १९४६ साली जुन्या मर्यादित मताधिकारावरच निवडलेली होती. म्हणून प्रौढ मताधिकार आला आणि त्यामुळे खोती गेली, असा सरळ कार्यकारणभाव जोडता येत नाही. स्वातंत्र्य, चळवळीचा दीर्घ दबाव आणि पुढील निवडणूक सर्वांच्या मतांनी होणार ही जाणीव, या तिहींचा त्यात वाटा मानणे अधिक सयुक्तिक ठरते. प्रौढ मताधिकाराची मागणीही अचानक आलेली नव्हती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी ती स्पष्टपणे केली होती.

राज्यघटनेच्या ३२५ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून वेगळ्या याद्या करणे बंद केले आणि ३२६ व्या अनुच्छेदाने २१ वर्षांवरील प्रत्येक नागरिकास मत दिले. ही वयोमर्यादा १९८९ पासून १८ वर्षांची आहे. देशभरात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार नोंदले गेले. मुंबई राज्यात मतदान जानेवारी १९५२ मध्ये झाले. प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह आणि खूण न करता आत टाकावयाची मतपत्रिका, अशी त्या वेळची व्यवस्था होती. अक्षरओळख नसलेल्या माणसास दुसऱ्याच्या मदतीवाचून, गुप्तपणे मत देता यावे, हा तिचा हेतू. हर्ण्याच्या दृष्टीने पाहता मापच बदलले. आकार, होडी, पेन्शन हे सारे प्रश्न गळून पडले आणि वय व वास्तव्य एवढेच उरले. खोत, कूळ आणि कोळी एका यादीत, घरांच्या क्रमाने, शेजारी शेजारी आले. पुढे १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर रत्नागिरीतून प्रेमजीभाई आसर आणि राजापुरातून नाथ पै लोकसभेवर गेले. सत्तारूढ पक्षाविरुद्धचा असा कौल या व्यापक यादीने दिला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मग प्रश्न संपला काय? वास्तव्याची कसोटीही जमिनीवरच्या माणसास अधिक सोयीची आहे. तात्पुरत्या गैरहजेरीमुळे वास्तव्य संपत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायद्यात म्हटलेले असल्यामुळे दर्यावर गेलेल्याचे नाव यादीत टिकते. तथापि मत देण्यासाठी त्याला ठरल्या दिवशी किनाऱ्यावर असावे लागते. नारळी पौर्णिमेपासून पावसाळ्यापर्यंतचा काळ हा मासेमारीचा हंगाम असून १९५२ चे पहिले मतदान त्या हंगामाच्या ऐन मध्यावर आले होते. नोकरदारास मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देण्याची तरतूद १९९६ साली झाली. हिश्श्यावर होडीवर जाणाऱ्यास पगारच नसल्याने त्याची सुटी म्हणजे बुडालेली कमाई होय. अनेक दिवसांच्या फेरीस गेलेल्या होडीला तर परत फिरण्याचा खर्चही सोसावा लागतो.

म्हणून किनारपट्टीवरील मतदानाचे आकडे वाचताना गैरहजेरीस उदासीनता म्हणण्याची घाई करू नये. जुन्या मतदारयाद्या आणि खोती गावांची बोटखते शेजारी ठेवून वाचली, तर कोण मोजला गेला व कोण सुटला हे नावानिशी सांगता येईल. अलीकडच्या मतदानाचे आकडे त्या आठवड्यातील होड्यांच्या ये-जा नोंदीशी ताडून पाहिले, तर आजचे उत्तरही मिळेल. मताधिकार सर्वांना मिळाला, हे १९५० चे मोठे कार्य आहे. तो बजावण्याचा दिवस सर्वांना सारखाच परवडतो काय, हे हर्ण्याच्या किनाऱ्यावर उभे राहून अद्याप विचारावे लागते.