पळस्पे फाट्यावर उतरलेले भोपळे

परवा रात्री सिएटलहून भाच्याचा फोन आला. तब्येतीची चौकशी, आंब्यांची चौकशी झाली आणि मग एकदम म्हणाला, "मामा, पळस्पे म्हणजे आपलंच ना? पनवेलच्या अलीकडचं?"

"आपलंच. का रे?"

तो तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात एका छोट्या मैफलीला गेला होता. शेजारी एक वयस्क अमेरिकन गृहस्थ. कुठला म्हणून विचारलं तर यानं मुंबई सांगितलं. (खांब सांगून कुणाला कळणार!) त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "मग पळस्पे तुम्हाला ठाऊक असेल. आमचे उस्ताद तिथे राहायचे." उस्ताद म्हणजे झिया मोहिउद्दीन डागर, रुद्रवीणावादक. ते या विद्यापीठात शिकवायला येत, तेव्हा ह्या गृहस्थांनी त्यांना ऐकलेलं. भाच्याला काही बोलता येईना.

इकडे फोनवर मलाही बोलता येईना. त्याचं कारण पुढे सांगतो.

इंग्रजीत ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात, त्याला आपल्याकडे बैठक हा साधा शब्द आहे. चाळीस-पन्नास माणसं, एक सतरंजी, मध्ये गाणारा किंवा वाजवणारा. रुद्रवीणा तर खास बैठकीचंच वाद्य. दोन मोठे भोपळे, मध्ये पोकळ दांडी, आणि आवाज इतका हळू की मागे कुणी पानाचा डबा उघडला तरी रसभंग व्हावा. पूर्वी ती राजेरजवाड्यांच्या महालात वाजायची. झिया मोहिउद्दीन यांचे वडील झियाउद्दीन खाँ हे उदयपूरच्या महाराणांच्या दरबारातले. पुढे संस्थानं विलीन झाली, दरबार उठले. गवयांनी जायचं कुठे? काहींना आकाशवाणीनं आधार दिला, काही सिनेमाकडे वळले. ख्यालगायकांना पुण्या-मुंबईची रसिक मंडळी होती. ध्रुपदाला मात्र फारसं कुणी विचारीना. तासभर नुसता आलाप, शब्द नाहीत, तबला नाही. री, न, नोम अशा अक्षरांवर सूर उभा करायचा. एवढा धीर धरणार कोण?

तो धीर धरणारे लोक त्यांना मिळाले ते बऱ्याच अंशी परदेशी विद्यापीठांत. अमेरिकेत वेगवेगळ्या देशांचं संगीत विद्यापीठात शिकवायची पद्धत त्याआधीच रुळली होती. तिथले विभाग जावा बेटावरच्या वादकांना बोलावत, आफ्रिकेतल्या ढोलवाल्यांना बोलावत, तसेच आपल्याकडच्या कलावंतांनाही. कलावंतानं काही काळ राहायचं, विद्यार्थ्यांना समोर बसवून शिकवायचं आणि अधूनमधून जाहीर वादन करायचं. वेस्लियन विद्यापीठात तर दर वर्षी नवरात्रात आपल्या संगीताचा उत्सव होतो. झिया मोहिउद्दीन वेस्लियनलाही शिकवत आणि सिएटललाही. सिएटलच्या त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली आहेत.

आपली विद्यापीठं काहीच करत नव्हती असं मात्र नाही. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग डॉ. अशोक दा. रानडे यांनी उभा केला. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र निघालं आणि तिथे तर गुरूच्या घरी जाऊन शिकण्याचीच पद्धत ठेवली. पण हे पुण्या-मुंबईतलं. आमच्या रोहा-पेणच्या बाजूला विद्यापीठ म्हणजे मार्कशीट पाठवणारं ऑफिस!

या माणसाची कमाल अशी की त्यांनी वाद्यही बदलून घेतलं. भोपळे मोठे केले, दांडी जाड केली, तारा जाड घेतल्या. त्यामुळे आवाज खोल झाला आणि छेडलेला सूर लांबवर टिकू लागला. आलाप संथ व्हायला ते हवंच होतं. एवढं जड धूड खांद्यावर कुठे घेणार? म्हणून जुनी बैठक सोडून त्यांनी वीणा आडवी, मांडीशी घेतली. आणि मग मुंबईजवळ पण मुंबईच्या गोंगाटाबाहेर, पळस्प्याला गुरुकुल उभं केलं. धाकटे भाऊ झिया फरीदुद्दीन हे गायक, तेही तिथे शिकवत. पहाटे उठून खर्जात सूर लावायचा, हा तिथला पहिला धडा.

आता माझी गोष्ट. १९८७-८८चा सुमार असेल. पनवेलचं काम आटोपून आम्ही तीन शिक्षक रोह्याच्या एस.टी.त बसलो होतो. एक गोरा, दाढीवाला तरुण गोधडीत गुंडाळलेलं कसलं तरी लांबलचक सामान घेऊन चढला. दोन्ही बाजूंना गोल फुगवटे. कंडक्टरनं विचारलं, "भोपळे बाजाराला का?" गाडी हसली. त्यात सर्वांत मोठ्यानं मी हसलो. तो पळस्पे फाट्याला उतरला, सामान दोन्ही हातांनी पोटाशी धरून, तान्हं मूल धरावं तसं. आमची गाडी कर्नाळ्याकडे निघाली आणि आम्ही वेतनवाढीच्या गप्पांना लागलो.

तसं पाहिलं तर मला कळायला हवं होतं. आमच्या घरी पखवाज होता. वडील भजनात वाजवायचे. एका तोंडाला कणीक लावून ते बसले की आम्ही मुलं उरलेल्या कणकेसाठी भांडायचो. ध्रुपदाला साथ करतो तो हाच पखवाज. म्हणजे घरातल्या भिंतीवर टांगलेल्या वाद्याचं सख्खं भावंड त्या गोधडीत होतं. आणि उस्ताद १९९० साली वारले तोवर त्याच रस्त्यानं मी किती वेळा गेलो असेन! वडखळला वडे खायला उतरलो, पेणला गणपती बघायला उतरलो, पळस्प्याला एकदाही नाही. धाकटे भाऊ तर २०१३पर्यंत होते. तेव्हा मी निवृत्तही झालो होतो, वेळच वेळ होता. पण आपल्या वाटेवर काय आहे हे सिएटलहून कळायचं होतं.

भाच्यानं यमनचं ध्वनिमुद्रण पाठवलं आहे. दुपारी लावून पाहिलं, पण आमच्या दाराशीच हायवे. ट्रकांच्या आवाजात खालची तार ऐकूच येईना. मग परवा पहाटे चारला उठलो, खिडक्या लावल्या. सुकेळी खिंडीकडून एखादी गाडी आली तरच आवाज. पहिली वीस मिनिटं ते दोन-तीन सुरांतच फिरत होते. ही उठून बाहेर आली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "सुरू कधी होणार?"

म्हटलं, "बस जरा."

बसली. चहा उशिरा झाला त्या दिवशी.