सुंठ, जोशांदा आणि मानमोडी : मराठवाड्यातील घरगुती औषधांचा इतिहास

१/
'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण आज विनासायास टळलेल्या संकटाबद्दल वापरली जाते. पण अशी म्हण रूढ होण्यासाठी खोकल्याला सुंठ देतात, हे आधी घरोघरी ठाऊक असावे लागते. नांदेड-लातूरकडच्या स्वयंपाकघरात ही औषधे आली कुठून आणि महासाथीत ती किती उपयोगी पडली, याचा हा आढावा. #थ्रेड

२/
फडताळात सुंठ, ओवा, मिरी, लवंग, हळद, गूळ. परसात तुळस, अडुळसा, गवती चहा. बांधावर निर्गुडी. डोके जड झाले की उगाळलेल्या सुंठीचा कपाळाला लेप, लहान मुलाच्या छातीला तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक आणि तोंडाची चव गेलेल्या आजाऱ्याला हुलग्याचे गरम माडगे. हे सारे मराठवाड्यात आजही अनेक घरांत चालते.

३/
यातील हळद इथल्याच मातीतली. नांदेडची हळदीची बाजारपेठ मोठी आहे आणि शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरी मात्र मलबारची, तर लवंग मूळची इंडोनेशियातील मालुकू बेटांची. निलगिरीचे झाड ऑस्ट्रेलियाचे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते निलगिरी पर्वतावर लावले आणि मराठीत पर्वताचेच नाव झाडाला मिळाले. 'घरगुती' औषधांत व्यापाराचा वाटा असा मोठा आहे.

४/
दुसरा वाटा राजवटीचा. १७२४ पासून १९४८ पर्यंत हा प्रदेश बहुतांश काळ निजामाच्या अमलाखाली होता. त्यामुळे आयुर्वेदाचा वैद्य आणि युनानी पद्धतीचा हकीम इथे शेजारी शेजारी नांदले. एकाने ज्याला 'कफ' म्हटले, त्याला दुसऱ्याने 'बलगम' म्हटले. एकाचा 'काढा', दुसऱ्याचा 'जोशांदा'. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच : उकळून काढलेले.

५/
काढ्यात तुळस, आले, मिरी. जोशांद्यात बनफ्शा, उन्नाब, ज्येष्ठमध. बनफ्शाची फुले हिमालयाकडून येत आणि अत्ताराच्या दुकानी मिळत. ज्येष्ठमध तर दोन्ही पद्धतींना मान्य. या सहवासाची खूण आजही एका पाटीवर वाचता येते : नांदेडची शासकीय आयुर्वेद व युनानी रसशाळा.

६/
विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र बदलले. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने नांदेड जोडले गेले होते. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली आणि कुर्डुवाडीमार्गे मुंबईची वाट खुली झाली. लातूरच्या गंजगोलाईची मधली दुमजली इमारत १९१७ सालची. बाजारपेठेसाठी हे दिवस भरभराटीचे होते. पण ज्या रुळांवरून माल येई, त्याच रुळांवरून पुढच्याच वर्षी रोगही येणार होता.

७/
जून १९१८. मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि पाहता पाहता शहरभर इन्फ्लुएन्झा पसरला. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मात्र भीषण निघाली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मराठी माणसाने या आजाराला 'मानमोडी' म्हटले.

८/
रेल्वेने साथ गावोगावी नेली, हे तत्कालीन आरोग्य अधिकाऱ्यांनीही नोंदवले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. धान्य महागले, चारा-पाण्याचे हाल झाले. अर्धपोटी शरीरावर मानमोडीने घाला घातला. भारतातील मृत्यूंचे अंदाज सुमारे १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख असे दिले जातात.

९/
मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३३ लाख ७४ हजार होती. १९२१ मध्ये ती १ कोटी २४ लाख ७१ हजारांवर आली. दहा वर्षांत नऊ लाखांची घट. तीत प्लेग आणि दुष्काळाचाही हात होता, पण सर्वांत मोठा आघात १९१८ चा.

१०/
मग सुंठ, काढा, जोशांदा यांचे काय झाले? स्पष्ट उत्तर असे की मानमोडी त्यांनी रोखली नाही. परंतु डॉक्टरांकडेही तेव्हा इलाज नव्हता. रोगाचे कारण एक जिवाणू आहे, अशी समजूत होती. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू लंडनमध्ये वेगळा करण्यात आला तो १९३३ साली. न्यूमोनियावर प्रतिजैविके त्याहूनही नंतर आली.

११/
औषध कुणाकडेच नसताना उरते ती शुश्रूषा : ऊब, पाणी, पेज आणि उशाशी बसलेले माणूस. माडगे विषाणूला मारत नाही, पण उठू न शकणाऱ्या माणसाच्या पोटात अन्न आणि पाणी जाते. घरातील सगळेच एकदम अंथरुणाला खिळले, तर हे करायलाही कुणी उरत नसे.

१२/
इथेच या इतिहासातील सर्वांत वेदनादायक नोंद सापडते. भारतात मानमोडीने तरुण वयातील माणसे अधिक नेली आणि त्यांतही स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. स्वतः तापलेल्या असतानाही इतरांची सेवा स्त्रियांना करावी लागे, हे कारण त्या काळच्या सरकारी अहवालांतही आढळते. चुलीवर काढा उकळणारे हातच सर्वाधिक संख्येने थंडावले.

१३/
साथीनंतर दोनच वर्षांनी, १९२० मध्ये, हैदराबादेत हकीम मोहम्मद मोईजुद्दीन फारुकी यांनी 'जिंदा तिलिस्मात' हे औषध बाजारात आणले. नावाचा अर्थ 'जिवंत जादू', वेष्टनावर हबशी पुरुषाचे चित्र. सर्दी-पडशावर वापरली जाणारी ही छोटी बाटली संस्थानाच्या जुन्या मुलखात, मराठवाड्यातही, घरोघरी पोहोचली. संस्थान गेले, बाटली राहिली.

१४/
तिच्यात निलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि रंगासाठी रतनजोत. यातील कापूर, पुदिन्याचे फूल व ओव्याचे फूल हे तीन घन पदार्थ एकत्र केले की आपोआप पातळ होतात. लाहोरची प्रसिद्ध 'अमृतधारा' (१९०१) याच गुणावर उभी होती. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जर्मनीला जाई आणि त्याचे सत्त्व तिथे काढले जाई. आजीच्या पुरचुंडीतला ओवा असा जागतिक व्यापाराचाही भाग होता.

१५/
आजचे विज्ञान या फडताळाकडे सरसकट होकार वा नकार देऊन पाहत नाही. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन तयार झाले. मधाने मुलांचा खोकला काहीसा शमतो, मात्र एक वर्षाखालील बाळाला मध देणे धोक्याचे असते. वाफेचा ठोस लाभ सिद्ध झालेला नाही, उलट गरम पाण्याने मुले भाजल्याच्या घटना घडतात. कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास विषबाधा होते. धाप लागली, ताप उतरेना, तर दवाखाना हाच मार्ग.

१६/
३१ मार्च २०२० रोजी आयुष मंत्रालयाने कोविडकाळासाठी तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा सुचवला आणि शंभर वर्षांपूर्वीचे फडताळ पुन्हा उघडले. 'याच काढ्याने पूर्वज महासाथीतून तरले' असेही तेव्हा बोलले गेले. १९१८ चे आकडे या दाव्याला दुजोरा देत नाहीत. जे तरले, त्यांच्यामागे काढ्यापेक्षा तो करून पाजणारे माणूस उभे होते. मराठवाड्याच्या घरगुती औषधांच्या इतिहासात पहिले नाव त्या माणसाचे, आणि बहुतेक वेळा त्या स्त्रीचे, लिहावे लागते.