निळ्या शिडाची होडी

आमच्या देवगड-मालवणच्या पट्ट्यात होडी म्हणजे पाणी प्यायलेली वस्तू. पावसाळ्याआधी ती वर ओढायची, झावळ्यांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमा झाली की परत लोटायची. वर काढून ठेवलेली होडी पाण्यात गेली की पहिले एक-दोन दिवस गळते. कुणी घाबरत नाही. फळ्या फुगतात, सांध्यांत ठोकलेला कापूस आवळतो आणि गळती आपोआप बंद होते. जिच्याविषयी मी लिहितोय ती होडी मात्र नेमकी याच्या उलट. ती आतून कोरडी राहिली तरच जगते. एकदा पाणी प्यायली की संपली.

ही शर्यतीची डिंगी. डिंगी हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून उचलला. इथल्या नद्यांवरच्या लहान नावेला डिंगी म्हणायचे, तो शब्द विलायतेत गेला आणि तिथून शिडं-बिडं लावून, नियमांचं पुस्तक काखोटीला मारून परत आला. सव्वातेरा फुटांची, माणसं दोन, इंजिन नाही, मासे पकडायचे नाहीत, माल न्यायचा नाही. फक्त तिसऱ्या कुणाच्या तरी आधी खांबाला वळसा घालून यायचं. आमच्या वाडीतल्या माणसांना हे पटवून देता देता माझ्या मामाच्या नाकी नऊ यायचे. मामा मुंबईत कुलाब्याच्या बाजूला एका क्लबच्या शेडमध्ये सुतार होता. पगार होड्या दुरुस्त करायचा. ‘पण त्या होड्या करतत काय?’ असं आजी विचारायची आणि मामा गप्प बसायचा.

या जातीची खरी सुरुवात इंग्लंडच्या दक्षिणेला, आयल ऑफ वाइट बेटावर झाली असं मी मानतो. तिथे उफा फॉक्स नावाचा एक तऱ्हेवाईक होडीबांध्या होता. त्याने १९२८ मध्ये ‘अव्हेंजर’ नावाची १४ फुटी होडी केली. तोवरच्या होड्या पाणी कापत जायच्या. याने पुढचा भाग निमुळता आणि मागचा सपाट ठेवला. वारा भरला की होडी पाण्यावर चढून, आपण चपटा दगड फेकतो तशी, घसरत पळू लागली. त्या एका मोसमात अव्हेंजर ५७ शर्यतींत उतरली. ५२ वेळा पहिली, २ वेळा दुसरी, ३ वेळा तिसरी. त्यानंतर जुन्या घडणीच्या होडीने शर्यतीत उतरणं म्हणजे एसटीच्या मागे बैलगाडी पळवणं. पण या होड्या पातळ फळ्या वाकवून, हजारो तांब्याचे खिळे मारून कुशल कारागिरांनी केलेल्या. परवडणार पैसेवाल्यांनाच.

ते बदललं ते गोंदाने. सुताराच्या घरी वाढलेला असल्यामुळे मला इतिहासात राजे कमी आणि गोंद जास्त दिसतो, त्याला इलाज नाही. जुना सरस पाण्यात सुटतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी मॉस्क्विटो हे विमान जवळजवळ पूर्ण लाकडाचं केलं, प्लायवूड आणि गोंद. आधी दुधातल्या केसीनचा गोंद वापरला, पुढे रासायनिक रेझीनचा. १९४४ मध्ये आपल्याकडे आलेली काही विमानं हवेत मोडली. पहिलं खापर आपल्या दमट हवेवर फुटलं. नंतर तपासात काही जोड नीट बसलेलेच नाहीत, मध्ये फटी आहेत, असं निघालं. मामाला हे मी कधीतरी वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, “मगे? गोंद जोडता, फट नाय भरणा.”

युद्ध संपलं आणि प्लायवूड, न सुटणारा गोंद आणि ते वापरायला शिकलेले हात मोकळे झाले. विमानाच्या कारखान्यात पातळ पापुद्रे साच्यावर उष्णतेने दाबून ‘फायरफ्लाय’ नावाच्या होड्या निघू लागल्या. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये शिडांच्या शर्यती टॉर्कीला झाल्या, तिथे पॉल एल्व्हस्ट्रॉम नावाचा वीस वर्षांचा डॅनिश पोरगा फायरफ्लायमध्ये सोनं घेऊन गेला. पुढच्या तीन ऑलिंपिकमध्येही त्यानेच नेलं. त्याचं नाव लक्षात ठेवा, आमच्या घरातल्या एका भांडणात ते पुढे येणार आहे.

पण साचा म्हणजे कारखाना आला. लंडनच्या जॅक होल्टने वेगळी वाट धरली. सपाट प्लायवूडचे पट्टे सांगाड्यावर वाकवून बसवायचे, म्हणजे घरच्या अंगणात, साध्या हत्यारांनी कुणालाही होडी करता आली पाहिजे. १९५६ मध्ये त्याने ‘एंटरप्राइज’ आखली. न्यूज क्रॉनिकल या वर्तमानपत्राने ती उचलून धरली. लांबी ४.०४ मीटर, दोन शिडं, आणि शिडांचा रंग निळा. पांढऱ्या शिडांच्या गर्दीत ती लांबून ओळखू यायची. १९६० मध्ये ते वर्तमानपत्र बंद पडलं, होडी मात्र चालू राहिली. वीस हजारांच्या वर एंटरप्राइज बांधल्या गेल्या. त्यानंतर १९६२ मध्ये होल्टने टीव्हीवरच्या एका हौशी सुताराबरोबर ‘मिरर’ केली. तिचे तुकडे तर तांब्याच्या तारेने गोधडीसारखे शिवून मग चिकटवायचे.

एंटरप्राइज मुंबईत आली आणि रुळली. क्लबांत, नेव्हीत, आर्मीत पुष्कळ पोरं तिच्यावरच शिकली. तिची धाकटी बहीण म्हणावी अशी ‘फायरबॉल’, तीही प्लायवूडची, पीटर मिल्न या इंग्रजाने १९६२ मध्ये आखलेली. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती दिल्लीत कुठून होणार, त्या मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. पुढे १९९३-९४ चा खेलरत्न होमी मोतीवाला आणि पुष्पेंद्रकुमार गर्ग या शिडाच्याच जोडीला मिळाला. आमच्या गावात कुणालाही हे माहीत नव्हतं. किनाऱ्यावरच्या माणसांना त्याचं सोयरसुतक नसावं याचं मला अजून नवल वाटतं.

मग फायबर आलं. फायबर कुजत नाही, दर वर्षी खरवडावं लागत नाही. लाकडी एंटरप्राइज शेडच्या मागे उलट्या पडू लागल्या. मामा निवृत्त झाला त्याच्या दोन वर्षं आधी तशी एक त्याने भंगाराच्या भावात घेतली आणि आंब्याच्या रिकाम्या परतणाऱ्या ट्रकातून गावी आणली. मामीने आठ दिवस बोलणं टाकलं. होडी मांगराच्या पडवीत राहिली ती तब्बल अकरा वर्षं.

मामाचा मुलगा, माझा दादा, नेव्हीतून सुटून आल्यावर त्याने ती बाहेर काढली. नेव्हीत तो एंटरप्राइज चालवायचा. बापलेकांनी टोच्या घेऊन होडी तपासली. लाकडी मुठीने ठोकत जायचं, ‘टण्’ वाजलं तर बरं, ‘भद्’ वाजलं तर आत पीठ. कुजलं कुठे? मागच्या फळीच्या कोपऱ्यात, आणि मधोमध जिथून सेंटरबोर्डाची फळी खाली सोडतात त्या खोक्याच्या बुडाशी. म्हणजे जिथे पावसाचं पाणी साचून राहतं तिथे. मामा म्हणाला, “समुद्राचा पाणी लाकूड राखता, पावसाचा पाणी लाकूड खाता.” हे पुस्तकातही तसंच आहे. कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी लागतं.

वाद पडला तो पुढे. दादाचं म्हणणं, सगळ्या बुडाला बाहेरून फायबरचं कापड चढवूया, एपॉक्सी पाजूया, मोकळे होऊया. मामा ऐकेना. त्याचं कारण भावनेचं नव्हतं, हिशोबाचं होतं. ओल्या लाकडावर बाहेरून कापड घातलं तर आतली ओल आतच कोंडते आणि होडी आतून सडत जाते, वरून चकचकीत. शिवाय वजन. या होडीचं नुसत्या सांगाड्याचं किमान वजन ९४ किलो ठरलेलं. त्याहून हलकी चालत नाही, शिशाचे तुकडे लावून भरपाई करावी लागते. जड चालते, पण मग वारा पडला की बसून राहायचं.

शेवटी कुजलेला पट्टा कापून नवा घालायचं ठरलं. तालुक्याच्या दुकानदाराने ‘मरीन प्लाय’ म्हणून जे दिलं त्याचा एक तुकडा मामाने मामीच्या पाणचुलीवरच्या टोपात टाकला. खऱ्या मरीन प्लायला आयएस ७१० चा शिक्का असतो आणि त्याची परीक्षा ७२ तास उकळून घेतात. या तुकड्याचे संध्याकाळपर्यंत चार पापुद्रे सुटे झाले. “ह्यां लाकूड न्हय, पापडाची चळत आसा,” म्हणून मामाने ते परत पाठवलं. खरं प्लाय कोल्हापुराहून आणलं, भाव ऐकून दादाने एक दिवस काम बंद ठेवलं.

जोड तिरपा तासायचा. जाडीच्या आठपट लांब उतार, म्हणजे पाव इंचाच्या प्लायला दोन इंच. मामाचा रंधा चालू असताना दादा मुकाट बसून बघायचा. एपॉक्सीचं काम मात्र दादाचं. हे रसायन लाकडी होड्यांच्या कामात रुळवलं ते अमेरिकेत मिशिगनच्या गूजन भावांनी, १९६० च्या दशकाच्या अखेरीला. गोठलेल्या तळ्यावर धावणाऱ्या शिडाच्या गाड्या करणारी ही माणसं. थंड मुलखातली युक्ती आमच्या वैशाखात वापरायची म्हणजे घाई. पहिल्या दिवशी दादाने करवंटी भरून कालवलं आणि ब्रश बुडवेपर्यंत करवंटीतून धूर निघाला. त्यानंतर पहाटे चारला उठून, थोडं थोडं कालवून काम केलं. मेच्या शेवटी हवा दमट झाली तसा सुकलेल्या थरावर मेणचट पदर यायला लागला. तो साध्या पाण्याने धुऊन पुसून मगच पुढचा हात द्यायचा. आणि एपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वर व्हार्निश. दादाने सहा हात दिले.

आता नवं काय घालायचं आणि जुनं काय ठेवायचं? जुनं म्हणजे कुठल्या सालचं, हाच प्रश्न आहे. १९५६ च्या होडीला लाकडी डोलकाठी होती, म्हणून ॲल्युमिनियमची घालणं पाप म्हणावं, तर ही होडी स्वतःच विमानाच्या गोंदातून जन्मलेली. जॅक होल्टच्या हाताशी एपॉक्सी असतं तर त्याने ते वापरलंच असतं, याबद्दल मला शंका नाही. मी स्वतः दादाच्या बाजूचा. आकार नियमाने बांधलेला आहे, तो हलवायचा नाही, बाकी जे टिकतं ते घालावं. त्यामुळे डोलकाठी ॲल्युमिनियमची झाली, तारा स्टेनलेसच्या, दोर अडकवायला दात असलेली नवी चिमटी. जुन्या लाकडी डोलकाठीवर मामी आता आमसुलं वाळत घालते.

भांडण झालं ते एल्व्हस्ट्रॉमवरून. त्याच्या नावाची एक छोटी पत्र्याची झडप मिळते. ती बुडात बसवतात. होडी वेगात असली की खालून जाणारं पाणी आतलं पाणी ओढून घेतं, डब्याने उपसावं लागत नाही. पण ती बसवायला बुडात आरपार खाच पाडावी लागते.

“होडयेच्या बुडाक आपल्या हातान भोक पाडतलंस?” मामा ओरडला.

“बाबा, सगळे पाडतात.”

“माका नको सांगू. मी शंभर भोकां बुजवलंय.”

दोन दिवस दोघे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा बाजारात गेला असताना मामाने स्वतःच खाच पाडली. कडेच्या उघड्या पडलेल्या पापुद्र्यांना त्याने तीनदा एपॉक्सी पाजलं, कारण पाणी शिरणार ते तिथूनच. दादा परत आला तेव्हा झडप बसलेली होती आणि मामा जेवत होता.

काजूच्या कारखान्यातल्या काट्यावर सांगाडा १०७ किलो भरला. तेरा किलो जास्त, त्यातलं बरंचसं जुन्या लाकडात मुरलेलं पाणी आणि तीस वर्षांचा रंग. मामाच्या मते दोन उन्हाळे नीट झाकून ठेवली तर चार-पाच किलो उतरतील. दिवाळीनंतर खाडीत सोडली तेव्हा तांडेल मंडळी बघायला आली होती. ती अजिबात गळत नाही याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं. निळी शिडं जुनीच आहेत, दोन ठिकाणी ठिगळं लावून. नवी मुंबईहून शिवून आणायची तर सांगाड्याच्या दुरुस्तीइतकाच खर्च येतो, म्हणून दादाने यंदाचा आंबा कसा होतो ते बघून ठरवायचं म्हटलंय. सुकाणूच्या पात्याला एक बारीक चीर गेलेली दिसते, ती तेवढी पावसाआधी काढायची राहिली आहे.