चिनी अक्षरातील कवडी

रागाच्या भरात आपण ‘फुटकी कवडी देणार नाही’ म्हणतो. पण कवड्या घेऊन बाजारास गेलेला मनुष्य आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही. चिनी लोकांनी हीच कवडी अक्षरात जपली आहे. ‘बेइ’ हे ते अक्षर. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, शांग राजवटीत, हाडांवर कोरलेल्या लेखांत ते सरळ कवडीचे चित्र आहे. आन्‌यांग येथे १९७६ साली फू हाओ राणीची कबर उघडली, तेव्हा तीत साडेसहा हजारांवर कवड्या निघाल्या. आणि उबदार समुद्र तर तेथून शेकडो कोस दूर! पुढे छिन राजवटीने कवडी बंद करून नाणी चालविली, असे इ. स. १०० च्या सुमारास शू शन् या कोशकाराने नोंदविले आहे. तरी संपत्ती, माल, किंमत, कर्ज या साऱ्यांच्या अक्षरांत कवडी राहिलीच. वर जाळे आणि खाली कवडी म्हणजे ‘विकत घेणे’. वर ‘वाटणे’ आणि खाली कवडी म्हणजे ‘दरिद्री’. यावर आमच्याकडील वाटण्यांचे दावे लढविणाऱ्यांना निराळे भाष्य नको.

१९५६ च्या लिपिसुधारणेत लिहिणाऱ्याचे श्रम वाचले, हे आम्हास मान्य आहे. पण चीनच्या मुख्य भूमीवर ‘विकत घेणे’ या अक्षरातली कवडी त्यात गेली, याची चुटपुट लागते. तैवानात ती अजून आहे. ‘दरिद्री’ या अक्षरात मात्र दोन्हीकडे आहे. मुख्य भूमीवर चारच रेघांची.