अर्धं चित्र कोणाला दाखवावं?

आजचा विषय घरातून सुरू करतो.

माझी नात संगणकावर चित्रं काढते. काही महिन्यांपूर्वी तिनं मला एक अर्धवट चित्र दाखवलं. चित्र होतं आमच्या जुन्या वाड्याचं. तो वाडा पडला तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. माझ्याकडून ऐकलेल्या गोष्टींवरून ती तो उभा करत होती. "आजोबा, रचना कशी वाटते?" तिनं विचारलं. मी लगेच म्हणालो, "तुळशीवृंदावन चुकलं. ते आडाच्या उजवीकडे होतं." त्यावर ती म्हणाली, "मी नकाशा नाही काढत आहे. मी रचनेबद्दल विचारलं."

सौंदर्यमीमांसा शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं! पण तिचं बरोबर होतं. त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे. काम चालू असताना दुसऱ्याचं मत का घ्यायचं, आणि त्याला नेमकं काय विचारायचं?

हा प्रश्न जुना आहे. रोमन लेखक प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात एक गोष्ट सांगतो. अलेक्झांडरचा चित्रकार अपेलीस आपली चित्रं रस्त्यावरून दिसतील अशी मांडायचा आणि मागं लपून लोकांचं बोलणं ऐकायचा. एकदा चपला शिवणाऱ्या एका कारागिरानं चित्रातल्या चपलेचा एक बंद कमी असल्याचं दाखवलं. अपेलीसनं चूक दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी तोच कारागीर आला आणि फुशारून चित्रातल्या पायाबद्दल बोलू लागला. तेव्हा अपेलीस बाहेर आला आणि म्हणाला, बाबा रे, तू चपलेच्या वर जाऊ नकोस.

ही गोष्ट आपण त्या कारागिराला हसण्यासाठी सांगतो. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. अपेलीसनं त्याचं ऐकलं होतं, चूक सुधारली होती. आणि आणखी एक गोष्ट बघा. प्लिनीच्या गोष्टीत मांडलेली चित्रं पूर्ण झालेली आहेत. म्हणजे दुरुस्ती करायची ती एखाद्या बंदापुरतीच. सगळी मांडणी मोडून पुन्हा करण्याची वेळ निघून गेलेली असते.

ही वेळ अलीकडे आणली ती इटलीतल्या लेऑन बत्तिस्ता अल्बेर्तीनं. 1435 च्या सुमारास त्यानं चित्रकलेवर एक ग्रंथ लिहिला. चित्राची 'रचना' हा शब्द आज आपण सहज वापरतो, त्याला शास्त्राची बैठक या ग्रंथानं दिली. अल्बेर्ती भाषेचा माणूस होता. शब्दांपासून पदसमूह, त्यांच्यापासून वाक्य, ही वक्तृत्वशास्त्रातली चढण त्याच्या अंगवळणी पडलेली. चित्रातही त्यानं तशीच चढण मांडली. पृष्ठभागांतून अवयव, अवयवांतून शरीरं आणि शरीरांतून सगळा प्रसंग. म्हणजे रचना ही वाचायची गोष्ट झाली. आणि वाचायचं म्हटलं की वाचणारा आलाच. म्हणूनच त्यानं सल्ला दिला की काम चालू असताना जो कोणी येईल त्याला पाहू द्या, त्याचं ऐका. दुसरा सल्ला आरशाचा. चित्र आरशात धरलं की त्यातले दोष उघडे पडतात.

पुढं लिओनार्दो दा व्हिंचीनं याचं कारणही सांगितलं. आरशात चित्र उलटं दिसतं, त्यामुळं ते दुसऱ्याच कोणाच्या हातचं वाटतं. रोज पाहून पाहून आपले डोळे आपल्या चुकांना सरावतात. आरसा, काही काळ काम सोडून दूर जाणं, आणि परका माणूस, ही तिन्ही एकाच दुखण्यावरची औषधं आहेत.

आपल्याकडं वेगळी वाट दिसते. अकबराच्या चित्रशाळेत एकेका चित्रावर अनेक हात काम करत. कितीतरी पानांच्या समासात नोंद सापडते की 'तरह' अमक्याची, 'अमल' तमक्याचा. तरह म्हणजे मांडणी, आराखडा. अमल म्हणजे रंगकाम. 'अकबरनामा'तलं हवाई नावाच्या हत्तीचं प्रसिद्ध चित्र घ्या. त्याची मांडणी बसावनची आणि रंगकाम चतरचं. रचना ही स्वतंत्र, जाणत्या माणसाची जबाबदारी मानली जात होती. अबुल फजल लिहितो की चित्रशाळेतली कामं दर आठवड्याला बादशहासमोर ठेवली जात. तिथं मत बादशहाचं, आणि बक्षीसही त्याच मतावर ठरणार. रस्त्यावरच्या माणसाला तिथं वाव नव्हता.

आता विसाव्या शतकात येऊ. 26 एप्रिल 1937 ला गेर्निकावर बाँब पडले. मे महिन्यात पिकासो सुमारे पावणेआठ मीटर रुंदीच्या कॅनव्हाससमोर उभा राहिला, आणि दोरा मारनं कामाच्या टप्प्याटप्प्यांचे फोटो घेतले. सुरुवातीच्या फोटोत मूठ आवळलेला एक उंच हात आहे. पुढं तो हात निघून गेला. आधीची मांडणी रंगाखाली गाडली गेली, पण फोटोत राहिली. जुना टप्पा आणि नवा टप्पा शेजारी ठेवून पाहण्याची सोय छायाचित्रणानं अशी करून दिली.

माझी नात हेच रोज करते. आयव्हन सदरलंडनं 1963 मध्ये पडद्यावर पेननं आकृती काढून ती हवी तशी बदलून दाखवली. फोटोशॉप 1990 ला आलं, आणि 1994 ला त्यात थर आले, म्हणजे लेयर्स. वृंदावन एका थरावर, माणसं दुसऱ्या, उजेड तिसऱ्या. लिओनार्दोचा आरसाही आहे. एक कळ दाबली की चित्र उलटं!

पण इथंच एक धोका आहे. तैलरंगात बदल महाग होता, म्हणून चित्रकार सल्ला निवडून घ्यायचा. आता बदल फुकट झाला. दहा जणांना विचारा, दहा दुरुस्त्या करा. शेवटी चित्र उरतं, पण ते कोणाचं असतं?

कांटनं 1790 च्या ग्रंथात एका तरुण कवीचं उदाहरण दिलं आहे. लोकांनी आणि मित्रांनी नावं ठेवली तरी आपली कविता सुंदर आहे हे त्याचं मत ढळत नाही. पुढं त्याची स्वतःची जाण तयार झाली की तो आपणहून ते मत सोडतो. कांट त्याला हट्टी म्हणत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून सुंदर म्हणणं हा सौंदर्याचा निर्णयच नव्हे, असं त्याचं म्हणणं. पण हाच कांट असंही सांगतो की दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करता आला पाहिजे.

या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? मला वाटतं, साक्ष आणि निकाल वेगळे ठेवायचे. नजर आधी कुठं गेली, कुठं अडली, काय दिसलंच नाही, ही पाहणाऱ्याची साक्ष. ती चपला शिवणाराही देऊ शकतो आणि बादशहाही, आणि ती खोडून काढता येत नाही. तिचं काय करायचं हा निकाल मात्र काढणाऱ्याचा. म्हणून "कसं वाटतं?" असं विचारू नये. "तुम्हाला काय दिसलं?" असं विचारावं.

मी नातीला चित्र पुन्हा मागितलं. या वेळी एवढंच सांगितलं, "माझी नजर दिंडी दरवाजातून आत आली, चौक ओलांडला आणि आडावर थांबली. ओसरीतली बाई मला तिसऱ्यांदा पाहताना दिसली."

तिनं चित्र उलटं करून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ती बाईला पुढं आणणार. तिनं ओसरीतला उजेड आणखी कमी केला. म्हणाली, "ती उशिराच दिसायला हवी."

तुळशीवृंदावन अजून डावीकडेच आहे.