सोळा बॉलांचा मेळ

कॅरमचा स्ट्रायकर 15 ग्रॅमपर्यंत भरतो, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. सोंगटीला समोरून सरळ ठोकलं तरी स्ट्रायकर तिच्यामागे पुढे जातोच. पूलमध्ये मात्र पांढरा बॉल पुढे-मागे न फिरता नुसता घसरत जाऊन दुसऱ्यावर नेमका मधोमध आदळला, तर जवळजवळ जागीच थांबतो. समोरचा त्याचा वेग घेऊन निघून जातो. दोघांचं वजन सारखं असेल तरच हे घडतं. पांढरा पुढच्या फटक्यासाठी कुठे थांबवायचा, याची सगळी आखणी या गृहीतावर चालते. म्हणून घरच्या टेबलासाठी संच निवडताना पंधरा आकड्यांचे आणि एक पांढरा असे सोळाही बॉल एकमेकांशी किती जुळतात, हा मुख्य निकष मानायला हवा.

त्याआधी बॉल टेबलाशी जुळायला हवेत. पूलचा प्रमाण बॉल सव्वादोन इंची, म्हणजे 57.15 मिलिमीटर व्यासाचा. स्नूकरचा 52.5 मिलिमीटरचा. मुलांच्या छोट्या टेबलांचे बॉल त्याहूनही लहान असू शकतात. कुशनचं टोक बॉलच्या व्यासाच्या साधारण 63.5 टक्के उंचीवर ठेवतात. सव्वादोन इंचीला ही उंची सुमारे 36.3 मिलिमीटर पडते. त्याच टेबलावर स्नूकरचा बॉल सोडला तर ते टोक त्याला 69 टक्क्यांवर लागतं. कुशन बॉलला परत फेकण्याऐवजी खाली कापडावर दाबते आणि बॉल मरगळल्यासारखा परततो. शिवाय पॉकेट मोठं पडतं ते वेगळंच. तेव्हा आधी कुशनची उंची मोजावी, मग दुकानात जावं.

आता मेळ. प्रमाण वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे 156 ते 170 ग्रॅम. ही मुभा वाटते तेवढी निरुपद्रवी नाही. एका संचात एक बॉल या टोकाचा आणि दुसरा त्या टोकाचा असेल, तर दोघेही नियमात बसतात आणि संच मात्र बिघडलेला असतो. व्यासाला मुभा फारच थोडी, 0.127 मिलिमीटर. याला कारण आहे. वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतं, त्यामुळे व्यास एका मिलिमीटरने घटला की वजन पाच टक्क्यांनी घटतं.

हे घरी तपासता येतं. माझ्या मेव्हण्याला टेबलासोबत ‘फुकट’ मिळालेला संच आम्ही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चढवला. सर्वांत हलका 151 ग्रॅम, सर्वांत जड 164. मग आरशाच्या काचेवर दोन बॉल वीतभर अंतरावर ठेवले, त्यांच्यावर पोलादी पट्टी आडवी टेकवली आणि बाकीचे एकेक करून तिच्याखालून सरकवले. काही अलगद गेले, एक अडकला, एकाच्या वर चक्क उजेडाची फट दिसली. त्या घरात रॅक कधीच घट्ट का बसत नाही आणि ब्रेकला अर्धे बॉल जागीच का राहतात, ते तिथे कळलं.

हा मेळ टिकेल किती, हे द्रव्यावर ठरतं. हस्तिदंती बॉलांचा काळ याच अडचणीने ग्रासलेला होता: हस्तिदंत हवेतल्या दमटपणाने सगळीकडे सारखा आकसत-फुगत नाही, त्यामुळे बॉलचा गोलपणा बिघडतो. पर्याय शोधणाऱ्याला 1863 मध्ये न्यूयॉर्कच्या फेलन अँड कॉलेंडर कंपनीने 10,000 डॉलरचं बक्षीस लावलं होतं. जॉन वेस्ली हायट त्या शोधातून सेल्युलॉइडपर्यंत पोहोचला. पुढे लिओ बेकलंडच्या बेकेलाइटपासून फेनॉलिक रेझिनची वाट खुली झाली. बेल्जियममधल्या सालुक कंपनीचे आरामिथ बॉल याच रेझिनचे. स्वस्त संच बहुधा पॉलिएस्टरचे असतात.

जोरदार फटक्यानंतर बॉल आधी घसरतो, मग लोळायला लागतो. त्या घसरण्यात कापडाशी टेकलेला बिंदू चांगलाच तापतो. फेनॉलिक एकदा घट्ट झालं की वितळत नाही आणि त्यावर चरेही कमी पडतात. पॉलिएस्टरचा पृष्ठभाग लवकर खरखरीत होतो आणि कापड घासत राहतो. त्यामुळे किमतीची तुलना करताना टेबलाचं नवं कापड आणि ते ताणून बसवण्याची मजुरी पॉलिएस्टरच्या बाजूला मांडावी. महिन्यातून एखाद्या रविवारी मुलं खेळणार असतील, तर स्वस्त संचाने अडत नाही. रोज खेळणाऱ्याने फेनॉलिकच घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आकडे वरून छापलेले नसून आत ओतलेले असावेत. रंग आवडीचे. ठिपक्यांचा पांढरा बॉल दिसायला गोवर आल्यासारखा, पण फिरकी दाखवतो, शिकणाऱ्याला उपयोगी. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं एवढ्यावर सफाई भागते. कॅरमवर वाढलेला हात बोरिक पावडरकडे वळतो, त्याला आवरावं. सफाई मात्र टाळू नये: क्यूच्या खडूने माखलेले बॉल आदळताना एकमेकांना जास्त धरतात आणि कट मारलेला बॉल रेषा सोडतो.

प्रत्येक फटक्यात सापडतो तो पांढरा, म्हणून झिजतोही तोच आधी. तो मिलिमीटरभर बारीक झाला की संच नवा असूनही मेळ गेलेला असतो. संच घेतानाच त्याच मापाचा, त्याच वजनाचा दुसरा पांढरा घ्यावा आणि दोघांना आठवड्याआड पाळीने खेळवावं.